निद्रेच्या लहरी आणि विषण्ण मन

विषण्णतेच्या तीव्र विकाराने, ज्याला आता आपल्याकडे खेड्यापाड्यांतसुद्धा डिप्रेशन याच नावाने ओळखतात त्याने, ग्रासलेल्या माणसाला डॉक्टरांनी ‘काय होते?’ म्हणून विचारले, तर मनाच्या दुःखाची कैफियत तो पुष्कळदा मांडतच नाही. तो झोपेची तक्रार सांगतो. रात्र कूस बदलण्यात जाते, डोळा लागलाच तर पहाटे तीन-चारच्या सुमारास उघडतो, आणि तेथून उजाडेपर्यंतचा काळ त्याला सर्वांत दुःसह वाटतो. मग दिवस जसजसा वर येतो तसतसा पुष्कळांच्या मनावरचा भार थोडा उतरतो, आणि दिवेलागणीपर्यंत तो माणूस घरच्यांशी चार शब्द बोलण्याइतका सावरलेला असतो. घरची माणसे हे रोज पाहतात आणि म्हणतात की, याला एकदा स्वस्थ झोप लागली म्हणजे सारे सुरळीत होईल. या समजुतीत माया आहे आणि वरवर पाहता तर्कही आहे. परंतु गेल्या पाच-सहा दशकांत निद्रा आणि विषण्णता यांच्या संबंधाविषयी जे ज्ञान हाती आले त्याने ही समजूत मुळापासून हलविली, आणि निद्रिस्त मेंदूवरच विद्युत् किंवा ध्वनी यांच्या साहाय्याने उपचार करता येईल काय, या आजच्या संशोधनाचा उगमही त्याच ज्ञानात आहे.

या कथेचा आरंभ जर्मनीतील ट्यूबिंगेन या विद्यापीठनगरीत होतो. तेथील मानसोपचारतज्ज्ञ वाल्टर शुल्टे यांच्या कानावर अशी हकीकत आली की, विषण्णतेने त्रस्त झालेली एक शिक्षिका रात्रभर सायकलवर फिरत राहते आणि त्यानंतर काही काळ तिचा आजार ओसरलेला असतो. एखाद्या रुग्णाचा चमत्कारिक छंद म्हणून ही गोष्ट सहज दप्तरदाखल झाली असती. शुल्टे यांनी तसे होऊ दिले नाही, आणि त्यांच्याच संस्थेतील फ्लुग व ट्योल्ले या दोघांनी रुग्णांना पद्धतशीरपणे एक संपूर्ण रात्र जागे ठेवून त्याचा वृत्तान्त १९७१ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेक देशांतील रुग्णालयांनी या प्रयोगाचा पडताळा घेतला आहे आणि निष्कर्ष मोठ्या प्रमाणात जुळले आहेत: तीव्र विषण्णतेच्या सुमारे निम्म्या रुग्णांना एका रात्रीच्या जागरणाने दुसऱ्याच दिवशी लक्षणीय उतार पडतो. ज्या आजारात गोळ्यांचा गुण यावयास कित्येक आठवडे वाट पाहावी लागते, त्यात काही तासांत आलेला हा गुण पाहून त्या काळच्या वैद्यकाने आश्चर्याने थबकावे, हे योग्यच होते. परंतु या उपचाराची मुदत फार थोडी असते. औषधाची जोड नसेल तर अशा बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के लोक पुढल्या रात्रीची झोप घेऊन उठतात ते पुन्हा त्याच अंधारात. काहींना तर दुपारची अल्पशी डुलकीदेखील पूर्वपदाला नेऊन ठेवते.

या शोधात सर्वांत मोलाचे काय असेल तर ते हे परतणेच, असे मला वाटते. जागरणाने बरे वाटते एवढेच दिसले असते, तर श्रम, उत्तेजना, शुश्रूषा करणाऱ्यांचे रात्रभराचे सान्निध्य अशा अनेक गोष्टींवर त्याचे श्रेय वाटून देता आले असते. पण झोप घेताच आजार परत येतो याचा इत्यर्थ असा की, या रुग्णांच्या बाबतीत निद्रा ही आजाराची केवळ बळी नसून, निद्रेच्या काळात मेंदूत जे काही घडते त्यात आजाराला टिकवून धरणारा एखादा व्यापार असला पाहिजे. तो व्यापार कोणता आणि निद्रेच्या कोणत्या भागात चालतो, हे कळले तर सबंध रात्र जागविण्याची आवश्यकता उरणार नाही. तेवढ्याच भागात हस्तक्षेप करता येईल.

निद्रेचे भाग पाडता येतात हे ज्ञानही तसे अलीकडचेच आहे. पतंजलीने योगसूत्रांत निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये स्थान दिले, म्हणजे निद्रा हा वृत्तींचा अभाव नसून ती स्वतःच एक वृत्ती आहे असे मानले. ते त्याचे सूक्ष्म निरीक्षण होते, मात्र प्रयोगशाळेतील ज्ञानाचा दाखला म्हणून ते पुढे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो दाखला मिळावयास मेंदूतील विद्युत्-स्पंदने कागदावर उमटावी लागली. जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख काढला आणि पाच वर्षांनी तो प्रसिद्ध केला. हाच आजचा ईईजी. पुढे शिकागो विद्यापीठात नेथॅनिएल क्लाइटमन यांचे विद्यार्थी युजीन असेरिन्स्की यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला यंत्राला जोडून रात्ररात्र त्याच्या निद्रेच्या नोंदी घेतल्या, तेव्हा त्यांना असे आढळले की, शांत झोपलेल्या माणसाचे डोळे मधूनमधून पापण्यांआड वेगाने फिरू लागतात आणि त्या वेळी मेंदूचा आलेख जागृतीच्या आलेखासारखा दिसतो. १९५३ साली या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या या शोधातून ‘रेम’ निद्रेची, म्हणजे जिच्यात आपली ठसठशीत स्वप्ने पडतात त्या निद्रेची, ओळख जगाला झाली. निरोगी माणूस झोपला की प्रथम उथळ निद्रेतून गाढ निद्रेत उतरतो. तेथे मेंदूच्या पृष्ठभागावरील कोट्यवधी पेशी एकाच वेळी शांत होतात आणि एकाच वेळी जाग्या होतात, आणि त्यांच्या या सामुदायिक आंदोलनातून सेकंदाला एखाद-दुसरी अशा उंच, संथ लहरी उमटतात. झोप लागल्यापासून सुमारे दीड तासाने पहिली रेम निद्रा येते, आणि हे चक्र रात्रीत चार-पाच वेळा फिरते.

विषण्णतेच्या रुग्णात हा क्रम विस्कटतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड कुप्फर यांनी १९७६ साली दाखवून दिले की, या रुग्णांना रेम निद्रा वेळेच्या पुष्कळ आधी गाठते, तर अनेकांच्या रात्रीच्या पूर्वार्धातील मंद लहरी क्षीण झालेल्या आढळतात. अटलांटातील जेराल्ड व्होगेल यांनी तर रुग्णाला प्रत्येक वेळी रेम निद्रेच्या आरंभीच उठविण्याचा कष्टाचा प्रयोग रात्रीमागून रात्री, आठवडेच्या आठवडे केला आणि त्याने काही रुग्ण सुधारतात असे १९७५ साली नोंदविले. विषण्णतेवरील बहुतेक जुनी औषधे रेम निद्रा दडपतात हे ठाऊक झाल्यावर तर असे वाटू लागले की आता गुन्हेगार सापडला. पण पुढे अशी औषधेही वापरात आली की जी रेम निद्रेला फारसा धक्का न लावता विषण्णता कमी करतात, आणि तो साधा सिद्धान्त अपुरा ठरला. विज्ञानाच्या इतिहासात असे अपुरे ठरलेले सिद्धान्त वाया जात नाहीत. या सिद्धान्तानेही प्रश्नाचा रोख मंद लहरींकडे वळविला.

या मंद लहरी करतात तरी काय, याचे आज सर्वाधिक चर्चिले जाणारे उत्तर विस्कॉन्सिन विद्यापीठातील जुलिओ तोनोनी आणि क्यारा चिरेल्ली यांनी २००३ साली मांडले. दिवसभर आपण पाहतो, ऐकतो, शिकतो, त्यामुळे मेंदूतील पेशी जेथे एकमेकींना भिडतात ते सांधे अधिकाधिक बळकट होत जातात. हे अमर्याद चालू राहिले तर मेंदूला ना तेवढी ऊर्जा पुरेल ना नवे शिकावयास वाव उरेल. म्हणून रात्री मंद लहरींच्या अमलाखाली हे सांधे पुन्हा प्रमाणात आणले जातात आणि सकाळी मेंदू नव्या दिवसाला सिद्ध होतो, असे हे गृहीतक आहे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनी २०१६ साली निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगाने त्याला पुष्टी दिली. झोपून उठलेल्या माणसाच्या हाताचा स्नायू हलविण्यास डोक्यावरून जेवढा तीव्र चुंबकीय स्पंद द्यावा लागतो, त्याहून सौम्य स्पंद रात्रभर जागलेल्या माणसाला पुरतो. म्हणजे जागरणाने मेंदूची उत्तेज्यता वाढलेली असते. आता विषण्ण माणसाच्या मेंदूत हे सांधे मुळातच दुर्बल झालेले असतात असे मानले, तर जागरणाचे कोडे उलगडते: रात्रीची छाटणी न झाल्याने ते दुर्बल सांधे निरोगी पातळीच्या जवळ येतात, मन उभारी धरते, आणि झोप मिळताच ते पुन्हा खाली घसरतात. हे सारे अद्याप गृहीतक आहे. परंतु ज्याची परीक्षा घेता येते असे ते गृहीतक आहे, आणि म्हणूनच मला ते मोलाचे वाटते.

ती परीक्षा विस्कॉन्सिनमध्येच घेतली गेली. विषण्णतेच्या रुग्णांना प्रयोगशाळेत झोपविले, डोक्यावर विद्युदग्रांचे दाट जाळे बसविले, आणि आलेखात मंद लहरी दिसू लागल्या की रुग्ण जागा होणार नाही अशा बेताने ध्वनी ऐकवून त्या लहरी दडपल्या. रुग्ण रात्रभर झोपलाच होता. त्याच्या निद्रेतील एकच घटक तेवढा कमी केला होता. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या मोजमापांत विषण्णतेची लक्षणे उतरलेली आढळली. हा वृत्तान्त २०११ सालचा आहे. त्यातील रुग्णांची संख्या फार थोडी होती, म्हणून त्यावर इमारत उभी करणे घाईचे ठरेल. पण संपूर्ण जागरणाच्या क्लेशाविना, निद्रेत विशिष्ट जागी हस्तक्षेप करून मनःस्थिती पालटता येते, ही शक्यता त्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे ठेवली.

मेंदूला बाहेरून उद्दीपन देऊन विषण्णता दूर करण्याची कल्पना तर याहून जुनी आहे. रोममध्ये चेर्लेत्ती आणि बीनी यांनी १९३८ च्या एप्रिलमध्ये विद्युत्-झटक्याचा पहिला प्रयोग केला. त्या उपचाराविषयी चित्रपटांनी पसरविलेली भीती अद्याप लोकांच्या मनातून गेलेली नाही, पण आज तो संपूर्ण भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच केला जातो, आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याविना तो करण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि अतितीव्र विषण्णतेत त्याच्याइतका परिणामकारक इलाज क्वचितच आढळतो. शेफील्ड येथील अँथनी बार्कर यांनी १९८५ साली चुंबकीय स्पंदाने, कवटी न उघडता आणि झटका न येऊ देता, मेंदूच्या ठराविक भागाला चेतविण्याचे साधन दिले, आणि २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विषण्णतेसाठी त्याला मान्यता दिली. ही साधने जागेपणी वापरावयाची. निद्रिस्त मेंदूला उद्दीपन देण्याचा मार्ग मात्र अगदी निराळ्या हेतूने, स्मरणशक्तीच्या अभ्यासातून, सापडला.

उत्तर जर्मनीतील ल्यूबेक येथे लिसा मार्शल, यान बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली निरोगी तरुणांच्या डोक्याच्या पुढच्या भागावर विद्युदग्रे लावून, ते गाढ निद्रेत शिरत असताना, सेकंदाला पाऊण आवर्तन अशा संथ गतीचा अत्यंत सौम्य प्रवाह सोडला. मेंदूच्या मंद लहरी बळावल्या आणि आदल्या संध्याकाळी पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी अधिक आठवल्या. पुढे २०१३ साली बोर्न यांच्याच सहकाऱ्यांनी विजेलाही फाटा दिला. झोपलेल्या माणसाचा आलेख यंत्र क्षणाक्षणाला वाचत राहते, लहर खाली जाऊन वर चढू लागली की नेमक्या त्या क्षणी कानात हलकासा ध्वनी उमटतो, आणि पुढची लहर अधिक उंच उठते. झोपाळा पुढे निघाला असतानाच त्याला हात लावला तर झोका वाढतो आणि उलट येत असताना लावला तर मोडतो, तसाच हा हिशोब आहे. भलत्या क्षणी ऐकविलेल्या त्याच ध्वनीने स्मृतीला काहीही लाभ झाला नाही. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की, ध्वनींचा मारा चालूच ठेवला तरी लहरी एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीत. निद्रिस्त मेंदू बाहेरच्या हुकुमाला आपल्या अटींवरच मान देतो. हे वाचताना मला मोठे समाधान वाटले, कारण ज्या यंत्रणेला आपण अजून पुरती ओळखत नाही तिने स्वतःच्या रक्षणाची तजवीज करून ठेवली आहे.

या ठिकाणी वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती रास्त आहे. विस्कॉन्सिनच्या प्रयोगात मंद लहरी दडपल्याने विषण्णता उतरली, तर ल्यूबेकच्या साधनाने मंद लहरी वाढतात. मग विषण्ण रुग्णाच्या मंद लहरी वाढवाव्यात की कमी कराव्यात? संशोधकांमध्ये दोन्ही मतांचे लोक आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, त्या दडपल्याने जागरणाचाच गुण जागरणाच्या दुष्परिणामांविना मिळेल. दुसरा पक्ष म्हणतो की, अनेक रुग्णांत मंद लहरी आधीच क्षीण असतात, रात्रीचे नियमन बिघडलेले असते, आणि ते हळूहळू सावरणे हाच टिकाऊ इलाज ठरेल. कदाचित पहिला उपाय तत्काळ उतारासाठी आणि दुसरा पुढे प्रकृती स्थिर राखण्यासाठी उपयोगी पडेल. कदाचित विषण्णता या एकाच नावाखाली आपण निरनिराळे आजार एकत्र बांधले असतील आणि प्रत्येकाचा इलाज निराळा असेल. माझा कल या शेवटच्या मताकडे आहे. ज्या व्याधीत एक माणूस रात्रभर जागतो आणि दुसरा दिवसाचे बारा-बारा तास झोपतो, त्या दोघांच्या निद्रेत एकाच प्रकारचा फेरफार करून दोघेही बरे होतील अशी अपेक्षा धरणे मला सयुक्तिक वाटत नाही.

उत्साहाच्या भरात मागचा एक धडा विसरता कामा नये. पन्नासच्या दशकात सोव्हिएत वैद्यकाने, शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉव्हच्या विचारांचा आधार घेऊन, ‘विद्युत्-निद्रा’ नावाचा उपचार मोठ्या प्रमाणावर रूढ केला. पापण्यांवर विद्युदग्रे ठेवून सौम्य प्रवाह सोडावयाचा आणि त्याने येणाऱ्या निद्रेने मज्जासंस्था सावरेल असे मानावयाचे. तो पश्चिमेकडेही गेला, पण पुष्कळ रुग्णांना त्याने झोप येतच नाही असे आढळल्याने तेथे त्याचे नाव बदलावे लागले; उपकरणे मात्र विकली जात राहिली. अखेर २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विषण्णतेसाठी विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांना सर्वांत कडक वर्गातच ठेवले, कारण पुरावा पुरेसा नव्हता. शवांवरील मोजमापांतून असेही निष्पन्न झाले आहे की, डोक्यावर लावलेल्या विद्युत्-प्रवाहाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्वचेत आणि कवटीतच अडून राहतो. शिवाय विषण्णतेच्या रुग्णाला आपली कोणी आस्थेने दखल घेतो एवढ्यानेही काही काळ बरे वाटते. म्हणून खऱ्या उद्दीपनाची तुलना लटक्या उद्दीपनाशी, कोणाला कोणते मिळाले हे रुग्णालाही मूल्यमापकालाही न कळू देता, आणि मोठ्या संख्येने केली जाईपर्यंत निद्राकालीन उद्दीपनाला सिद्ध उपचाराची सनद देता येणार नाही. आज ते संशोधन आहे, आशादायक संशोधन आहे, आणि बाजारात झोपेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या शिरपट्ट्यांना त्या संशोधनाचा आधार लावणे ही रुग्णाची वंचना आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

त्याचप्रमाणे हा लेख वाचून कोणी घरच्या रुग्णाला रात्रभर जागविण्याचा प्रयोग करू नये. ज्यांच्या आजारात विषण्णतेबरोबर उन्मादाचे झटके आलटून-पालटून येतात त्यांना जागरणाने उन्माद उसळू शकतो, अपस्माराच्या रुग्णाला आकडी येऊ शकते, आणि एका सकाळच्या उतारानंतर पुन्हा कोसळलेला माणूस पहिल्यापेक्षा अधिक हताश होऊ शकतो. मिलान येथील सान राफाएले रुग्णालयात फ्रांचेस्को बेनेदेत्ती यांनी जागरणाला लिथियम आणि प्रकाशोपचार यांची जोड देऊन हा गुण टिकविण्याची पद्धत घडविली आहे; पण तीसुद्धा रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

मग आजच्या रुग्णाला या साऱ्याचा उपयोग काय? मला वाटते, एक उपयोग तत्काळ आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, आपल्या देशात वीस प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी विषण्णतेचा विकार गाठतो, आणि अशा रुग्णांतील बहुसंख्यांना उपचार मिळतच नाहीत. जो माणूस ‘मन लागत नाही’ हे सांगावयास लाजतो, तो ‘झोप लागत नाही’ हे निःसंकोचपणे सांगतो. आणि त्या तक्रारीवर झोपेची गोळी लिहून देऊन बोळवण होते, तेव्हा आजार ओळखण्याची संधी दवडली जाते. निद्रेचा बिघाड हा विषण्णतेच्या यंत्रणेचाच भाग आहे हे आता कळले आहे. निद्रानाशावर, गोळ्यांविना, वागणुकीत बदल घडवून केला जाणारा मानसोपचार विषण्णतेच्या मूळ उपचाराला जोडला तर त्याही उपचाराला बळ येते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. लागतो तो शिकलेला समुपदेशक, आणि त्या दिशेने आपल्या जिल्हा रुग्णालयांत फार काम व्हावयाचे आहे.

तेव्हा आपल्या घरात दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणाची पहाटेची झोप मोडत असेल, सकाळ त्याला नकोशी होत असेल, पूर्वी ज्यात रस वाटे त्यात वाटेनासा झाला असेल, तर ही तीनही लक्षणे डॉक्टरांना एकत्र सांगा. केवळ झोपेचे औषध मागून परतू नका. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा त्या माणसाच्या तोंडी आली असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि तेथे मराठीतून बोलता येते.